कोऱ्या कापडाचं माप

पंचशीला फॅशन डिझायनिंग शिकते, हे जळकोटात सगळ्यांना ठाऊक होतं. फॅशन डिझायनिंग म्हणजे काय, हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तिची आई नागुबाई रोजानं खुरपायला जायची, तिथं बायका विचारायच्या, "आगं, पोरगी शिवनच शिकतीय न्हवं? मंग बाप काय करतोय घरात? त्येच्यासाठी लातूर कशाला?" पहिली दोन वर्षं नागुबाईनं समजावून सांगितलं. विद्यापीठाची पदवी आहे, कापडाचंही शास्त्र असतं, मोठ्या कारखान्यात नोकरी लागते. तिसऱ्या वर्षी तिनं तो नाद सोडला. "हाव, शिवनच," म्हणायची आणि पुढची पात धरायची.

बायकांचं तसं चुकत नव्हतं. बाप खरोखरच शिवत होता. केरबा तीस वर्षं एका कापडदुकानाच्या ओट्यावर पायमशीन टाकून बसलेला माणूस. पोरवयात तो नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली राहिला होता आणि तिथून येताना अंगावरच्या कपड्यांशिवाय एकच गोष्ट घेऊन आला होता: दाब सोडायची अक्कल. दाब म्हणजे शिलाईच्या आत ठेवलेलं दोन बोटं जादा कापड. केरबा म्हणायचा, "बाई आज बारीक हाय, उद्या बाळंत होईल, परवा म्हातारी होईल. ब्लाउज तर त्योच ऱ्हातोय न्हवं?" त्याच्या हातचा एक ब्लाउज बायका दहा-दहा वर्षं घालत. तंग झाला की उसवून सैल, सैल झाला की आवळून तंग. त्यामुळं त्याचं गिऱ्हाईक समाधानी होतं आणि धंदा जिथल्या तिथं होता.

पंचशीला लातूरला गेली आणि पहिल्याच वर्षी तिच्या नमुन्याच्या फायलीवर लाल शाईनं शेरा पडला: आतलं कापड फाजील, शिस्त नाही. कारखान्याचा कपडा म्हणजे शिलाईच्या आत एक सेंटिमीटर, त्याच्यापुढं दोरासुद्धा नको. ती त्या दिवशी वसतिगृहामागच्या पायऱ्यांवर बसून रडली, बापाची चूक असल्यासारखी बापावर चिडली, आणि मग शिकली. पोरगी मुळात हाताची कसबी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत तेवीस जणांच्या वर्गात तिच्याइतकं आतून स्वच्छ काम कुणाचं नव्हतं. कपडा उलटा करून बघितला तरी सुलट वाटायचा. मापं एकेका बाईची घ्यायची नाहीत, पाच साइजमध्ये सगळं जग बसवायचं, हेही ती शिकली. वर्गात कापड लावून बघायला एक डमी होती. तिच्यासारखं अंग जळकोटात एकाही बाईचं नव्हतं, पण परीक्षा डमीच्या अंगाची होती.

ते तिसरं वर्ष मात्र वाईट निघालं. पाऊस सलग फसला होता. लातुरात नळाला पाणी यायचं ते पंधरा-वीस दिवसांनी, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतात म्हणून जमावबंदी लावलेली. तोवर पंचशीला वसतिगृहातून खोलीवर आली होती, कारण वसतिगृहानं पाण्यापायी पोरी घरी पाठवल्या होत्या. खोलीत तिच्याबरोबर सिंधु होती, शिरूर अनंतपाळकडची, घरची शेती असलेली. शेती होती म्हणजे सातबाऱ्यावर होती. विहिरीत तळाचा दगड दिसत होता. घरमालकीण दोघींना मिळून दिवसाला दोन घागरी द्यायची आणि त्या देताना उपकाराचा सूर लावायची. पहाटे उठून टँकरच्या रांगेत घागर लावायची, आठला कॉलेज गाठायचं, दिवसभर मशीनवर वाकायचं, परत येताना दुसरी रांग. पंचशीलाच्या पाठीचा मणका दुखत होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि हे सगळं संपावं एवढीच तिची त्या वर्षाची इच्छा होती. स्वप्नं वगैरे माणूस पोटभर झोपला तर पडतात.

संपायला एकच पेपर उरला होता. बॅच उत्पादन. एकाच नमुन्याचे तीस कपडे, खऱ्या गिऱ्हाइकांसाठी, पाच साइजमध्ये, शिवून परीक्षकांपुढं मांडायचे. त्यातली दोन गिऱ्हाइकं कपडा अंगात घालून समक्ष हजर करायची. त्यांची नावं आणि मापं फायलीत आधीच लिहून द्यायची, ऐनवेळी बदल नाही. बंगळुरूची एक कंपनी मार्चमध्ये येऊन वर्गातल्या सहा जणींची नावं लिहून गेली होती. त्यांत पंचशीला होती. सगळे विषय सुटले तर जूनमध्ये रुजू, एक जरी राहिला तर नाव कट. हे तिनं घरी सांगितलं त्या दिवशी केरबानं मशीन बंद ठेवलं आणि ओट्यावर नुसताच बसून राहिला. नागुबाई म्हणाली, "तिकडं पानी हाय का?"

तीस गिऱ्हाइकं आणायची कुठून? ती तर घरातच होती. त्या वर्षी बाबासाहेबांच्या जन्माला सव्वाशे वर्षं होत होती आणि वस्तीतल्या महिला मंडळानं ठरवलं होतं की चौदा एप्रिलला सगळ्यांनी पांढऱ्या साडीवर एकसारखे पांढरे ब्लाउज घालायचे, बाहीला निळी पट्टी. मंडळाची अध्यक्ष धुरपताबाई. सत्तरीची, काटकुळी, आवाज मात्र सबंध वस्तीला पुरून उरेल असा. विहारात वंदना तिच्याशिवाय सुरू होत नसे. नव्या जिल्ह्याचे वारे तेव्हा जोरात होते, जळकोट म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, आणि सह्या मागायला आलेल्या पोरांना धुरपताबाईनं दारातच विचारलं होतं, "लातूर जिल्हा झाला तवाबी पेढे वाटले व्हते. आता कोनताबी करा. पर नळ कोनत्या जिल्ह्याचा लावनार ते आदी सांगा." सही तिनं केली, पण पोरांना तासभर उभं करून.

पंचशीलानं मंडळापुढं गोष्ट काढली तेव्हा धुरपताबाई म्हणाली, "म्हंजी आमच्या ब्लाउजावर तू पास व्हनार?"

"व्हय, धुरपतामाय."

"मंग माजं नाव लिही हजर ऱ्हायाला. कालेजात काय करत्यात ते बघू दे मला एकदा." दुसरं नाव नागुबाईचं लागलं.

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून पांढऱ्या सुती पॉपलिनचं अख्खं ठाण आणलं. कापड स्वस्तातलं, खळ भरपूर, हातात घेतलं की कागदासारखं वाजायचं. असलं कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं असतं. कारण ते एकदा पाण्यात गेलं की आटतं. हे शास्त्र पहिल्या वर्षीच्या पहिल्या प्रकरणात होतं आणि केरबाच्या उस्तादालाही ठाऊक होतं. पण ठाण भिजवायला पाणी किती? दोघींच्या चार-पाच दिवसांच्या घागरी. ते ठाण खोलीच्या कोपऱ्यात दोन दिवस पडून होतं आणि पंचशीला त्याच्याकडं बघायचं टाळत होती.

फायलीत एक तक्ता भरायचा होता: कापडाचा तुकडा भिजवून आधीचं माप, नंतरचं माप, किती टक्के आटलं. सिंधुनं मागच्या वर्षीच्या एका पोरीची फाईल आणली होती. "दीड टक्के लिही," ती म्हणाली. "समदे तेच लिहायलेत. मॅडमला माहीत हाय. तांब्याभर पानी आंघोळीला न्हाई आन् चिंध्या कोन भिजवायलंय?"

पंचशीलानं दीड टक्के लिहिलं. लिहिताना तिला वाईट वाटलं असं सांगता आलं असतं, पण तसं काही झालं नाही. तिला एक काम कमी झाल्याचं बरं वाटलं.

मग अकरा दिवस ती कापत आणि शिवत राहिली. वीज गेली की हातशिलाई, आली की मशीन. तीस ब्लाउज, साठ बाह्या, साठ निळ्या पट्ट्या, दीडशे हूक. साइज एक ते पाच. केरबा मध्ये एकदा कामानिमित्त लातूरला आला, तेव्हा त्यानं एक तयार ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, कडेच्या शिलाईवरून अंगठा फिरवला.

"दाब कुटं हाय?"

"बाबा, आता असंच असतंय. एक सेंटिमीटर."

केरबानं मान हलवली. पोरीच्या पुस्तकावर त्याचा बोलायचा धीर नव्हता. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "कापड भिजवलं व्हतंस न्हवं?"

"हो," ती म्हणाली.

बापाशी खोटं बोलायला काहीच लागलं नाही. एक अक्षर होतं. केरबानं ब्लाउजची घडी घातली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटी गाठायला निघून गेला.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती जळकोटला गेली. विहाराच्या मागच्या खोलीत बायकांनी ब्लाउज घालून बघितले. सगळे बसले. इतके नीट बसले की बायका एकमेकींच्या पाठी थोपटायला लागल्या. "फॅक्टरीतलं वाटतंय," कुणीतरी म्हणालं आणि नागुबाईनं तीन वर्षांत पहिल्यांदा बायकांकडं ताठ मानेनं बघितलं. ब्लाउज परीक्षेसाठी परत गोळा केले. दोन तेवढे राहिले, कारण धुरपताबाई आणि नागुबाई ते घालूनच बुधवारी येणार होत्या. पंचशीलाही दोन दिवस घरीच थांबली. चार दिवस सलग झोपावंसं वाटत होतं, दोन तरी मिळाले.

बुधवारी पहाटे तिघी निघाल्या. अहमदपूरला गाडी बदलायची होती. स्टँडवर सगळीकडं एकच चर्चा: लातूरला आता रेल्वेनं पाणी येणार. धुरपताबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, "पान्याला रेल्वे, मान्साला ही खटारा यस्टी. चांगलं हाय." नागुबाई खळखळून हसली. पंचशीला हसली नाही. तिचं लक्ष धुरपताबाईच्या पदराकडं होतं. एवढ्या उकाड्यात बाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्याखाली मुठीत गच्च धरला होता.

"माय, ब्लाउज बघू."

"बघशील की तिथं."

"आत्ता बघू द्या."

धुरपताबाईनं इकडंतिकडं बघितलं, बाकाच्या टोकाला भिंतीकडं वळून बसली आणि मूठ सोडली. मधले तीन हूक लागलेच नव्हते. दोन्ही बाजूंमध्ये दोन बोटांचं अंतर पडलं होतं आणि त्यात आडव्या पिना टोचलेल्या होत्या. बाह्या दंडात रुतल्या होत्या.

पंचशीलानं बाहीच्या कडेला बोट लावून बघितलं. "भिजवला?"

"पान्यातून काढला," धुरपताबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काल संध्याकाळी. टँकरचं अर्धी घागर पानी घातलं, नंतर त्येच शेळीला पाजलं. मला काय म्हाईत ह्ये आसं व्हईल."

"पण कोरा होता तो माय, अंगाला लागलाही नव्हता! कामून भिजवला?"

"कोरा व्हता मनूनच." तिनं एक पिन पुन्हा नीट टोचली. "तुमाला न्हाई कळायचं. मी ल्हान व्हते तवा आमाला कापड कुठलं भेटायचं? गावातलं कोनी मेलं की मढ्यावरचं. माय ते आनायची, आदी पान्यातून काढायची, मंग फाडून आमच्या अंगाला लावायची. पान्यातून काढल्याबिगर न्हाई. पुढं धम्म घेतला. त्या दिसापासून तसलं कापड बंद. दुकानातलं कोरं आनायला लागलो. पर हाताची सवय न्हाई ग्येली. कोरं असू दे न्हाईतर काय असू दे, पान्यातून काढल्याबिगर मला अंगाला लावू वाटंना. आन् आज तर कालेजात जायाचं व्हतं."

त्या ठाणातला प्रत्येक ब्लाउज असाच आटणार होता. आत दाब असता तर दहा मिनिटांत उसवून सैल केला असता. दाब नव्हता. परीक्षा तीन तासांवर आली होती. आणि या बाईनं, जिच्या घरात दिवसाला दोन घागरी पाणी यायचं, तिनं अर्धी घागर घातली होती. पंचशीलाकडं विद्यापीठाचं पुस्तक असून तिनं ती घातली नव्हती.

"बाकीचेबी आटतील?" नागुबाईनं विचारलं. तिला सगळं कळलं होतं. पंचशीलानं मान हलवली.

"मंग आज कोन धुवून बघनार हाय?" धुरपताबाईनं पदर पुन्हा ओढून घेतला आणि मूठ आवळली. तिचा नेहमीचा आवाज परत आला. "मी बसते की आशी. तुजं काम हू दे. घरी ग्येल्यावर बघू काय बघायचं ते."

लातूरच्या गाडीत नागुबाई मध्येच एकदा पोरीच्या कानाशी लागली, "तू काय बोलू नको बरं का. माय म्हनती तसं हू दे." पंचशीलाला बरं वाटलं. कुणीतरी ठरवून दिलं की बरंच वाटतं.

परीक्षा मोठ्या हॉलमध्ये होती. तेवीस टेबलं, प्रत्येकावर कपड्यांची चळत, बाजूला फाईल. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई नांदेडच्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, पायांना सूज असावी अशा सावकाश चालणाऱ्या. त्या पंचशीलाच्या टेबलाशी आल्या आणि पहिल्यांदा थांबल्या. एक ब्लाउज उलटा केला. दुसरा केला. टेप लावून चार मापं घेतली, चारही तंतोतंत. "आतून एवढं स्वच्छ शिवायला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. पंचशीलाच्या मागं उभ्या असलेल्या तिच्या मॅडमनी हसून मान तुकवली. बाईंनी चष्मा लावून फाईल चाळली, दीड टक्क्याच्या तक्त्यावरून नजर फिरवली आणि पुढं गेल्या.

मग त्यांनी नागुबाईला हात वर करायला लावला, खाली करायला लावला, पाठ बघितली. नागुबाईचा ब्लाउज धुतलेला नव्हता, तो चोख बसला होता. "छान." मग त्या धुरपताबाईकडं वळल्या.

"आजी, तुम्हाला कसा वाटतो?"

"लई ब्येस," धुरपताबाई म्हणाली. "ढगळ न्हाई, तंग न्हाई. आशी शिलाई मी जन्मात घातली न्हवती."

"एकदा धुतला का?"

"धुतला की. जसाच्या तसा हाय."

ती हे मोठ्या आवाजात म्हणाली, विहारात म्हणते तसं, शब्द तोडून. आणि ते म्हणताना तिनं बाईंच्या डोळ्यांत बघितलं. हीच धुरपताबाई दर रविवारी पोरांना शीलं घोकून घ्यायची, खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं की आवाज चढवायची आणि कोण पोरगं कुजबुजतंय ते बघायची. पंचशीलाला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना. म्हणून तिनं खाली बघितलं, आणि तिला दंड दिसला. बाहीच्या निळ्या पट्टीखाली म्हातारीची कातडी दोरीनं बांधल्यासारखी फुगली होती, कडेला लाल वळ उठला होता. पहाटेपासून सहा तास ती बाही तिथं रुतलेली होती.

बाईंनी पेन काढलं होतं. लिहायला सुरुवात केली होती. तेव्हा पंचशीला बोलली.

"मॅडम, तो आटलाय. त्यांचे हूक लागत नाहीत. मी कापड भिजवलं नव्हतं."

धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. लोक म्हणतात खरं बोलायला हिंमत लागते. त्या वेळी तिला फक्त एवढं कळलं की आता हे अंगावर घेऊन जूनपर्यंत, बंगळुरूपर्यंत आणि पुढं कुठवर चालत राहायचा जोर आपल्यात उरलेला नाही. दमलेल्या माणसाच्या हातून जसं भांडं सुटतं तसं ते तोंडातून सुटलं.

पलीकडच्या टेबलावर सिंधु पांढरीफटक पडली. तिच्या मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आणि हा दीड टक्का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"तो मी भिजवून बघितला नव्हता. लिहिला."

"तू."

"मी."

बाईंनी बाकीच्या टेबलांवरच्या फायलींकडं एकदा बघितलं. पहिल्या टेबलापासून त्यांनी सगळ्यांमध्ये तोच दीड टक्का वाचला होता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढला आणि धुरपताबाईकडं न बघता म्हणाल्या, "आजी, पलीकडं मुलींची खोली आहे. तिथं जाऊन बदलून घ्या. दंडाला हवा लागू द्या." मग पंचशीलाला, आवाज खाली आणून, "न सांगितलेल्याकडं मला डोळेझाक करता येते. सांगितलेल्याकडं नाही येत. आणि मार्क कपड्याला असतात बाळ, बोलण्याला नसतात. ऑक्टोबरला परत बस."

बावीस जण पास झाले. सिंधु त्यांत होती. जाताना ती पंचशीलाच्या टेबलापाशी थांबली आणि तिचे कपडे बांधायला मदत करून निघून गेली. पंचशीलाला तिचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

परतीच्या गाडीत नागुबाई खिडकीशी बसली आणि डोळे मिटून घेतले. झोप नव्हती ती. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मधे पंचशीला, मांडीवर गाठोडं. कडेला धुरपताबाई, पिशवीतून आणलेल्या स्वतःच्या जुन्या ब्लाउजात. अहमदपूरला दुसऱ्या गाडीत बसल्यावर ती बोलली, समोरच्या सीटकडं बघत.

"धम्म घेतल्यापासून मी खोटं बोलले न्हवते. सासूशी न्हाई, पोलिसाशी न्हाई. आज बोलले. साठ वर्सांत एकदा बोलले, आन् तेबी तू वाया घालवलंस."

"तुमच्या दंडाला वळ उठला होता, माय."

"दंड माजा व्हता."

पंचशीलानं मांडीवरचं गाठोडं सावरलं.

"मला चालत व्हतं ते," धुरपताबाई म्हणाली. "माज्या मायला ते कापड चाललं, मला येवढी बाही चालली नसती व्हय? तू कोन माज्या दंडाचा इचार करनारी? चार शिकल्या-सवरल्या बायकांत मला खोटी पाडली. त्या बाईनं माज्याकडं बगितलंबी न्हाई नंतर. कामून केलंस आसं?"

"थकले होते माय," पंचशीला म्हणाली. दुसरं काही खरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. ते म्हणताना तिला रडू फुटलं, एवढ्या दिवसांचं सगळं, गाडीतली माणसं बघत असताना. "लई थकले होते."

धुरपताबाईनं तिला जवळ घेतलं नाही. ती समोर बघतच म्हणाली, "थकायचं काम आमी करून ठेवलं की गं. तू कशाला थकलीस येवढ्यात?" त्यात आता राग नव्हता. पंचशीलाला तो असता तर बरं झालं असतं.

जळकोटच्या स्टँडवर मंडळाच्या दहा-बारा बायका उभ्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आल्या होत्या, कारण परीक्षा त्यांच्या ब्लाउजांची होती. त्यांच्यामागं केरबा होता, मशीन बंद करून आलेला. गाडी थांबताच बायका दाराशी आल्या आणि आधी उतरलेल्या धुरपताबाईला घेरलं. "माय, काय झालं? झाली का पास? काय म्हनले आमच्या ब्लाउजाला?"

पंचशीला पायरीवर थबकली. धुरपताबाई आता काय बोलेल याचा तिला अंदाज येईना. पास झाली म्हणाली असती तर चौदा तारीख सुखात गेली असती. पावसाळ्यात पहिला ब्लाउज पाण्यात पडेपर्यंत तरी.

धुरपताबाईनं गाठोड्यासकट उतरणाऱ्या पोरीकडं मागं वळून बघितलं.

"मला कशाला इचारता," ती बायकांना म्हणाली. "तिलाच इचारा. ती खोटं बोलत न्हाई."

बायका वळल्या. केरबानंही मान वर केली. पंचशीला खाली उतरली, गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मी कापड भिजवलं नव्हतं."